जीपीएसचा ठिपका टोपोशीटवर दरीत का पडतो?

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या काठापासून चार हात आत उभे आहोत. पायाखाली घट्ट कातळ आहे. जीपीएस यंत्रावर आलेले अक्षांश-रेखांश टोपोशीटवर, म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तपशीलवार नकाशावर, पट्टीने मोजून मांडले, आणि पेन्सिलीचा ठिपका पडला कड्याच्या बाहेर, जिथे खोल खाली बेलपाड्याकडचं रान आहे तिथे. दुसरं यंत्र काढलं, मोबाईलवर पाहिलं, ठिपका तिथेच. मग कुणी म्हणतं जीपीएस बिघडलं, कुणी म्हणतं नकाशाच जुना आणि चुकीचा आहे. बहुतेक वेळा या दोघांतलं काहीच बिघडलेलं नसतं. नकाशा एका हिशोबाने मोजतो, यंत्र दुसऱ्या हिशोबाने, आणि दोघांचा मेळ आपण घालून दिलेला नसतो.

मी बरीच वर्षं सह्याद्रीत लहान गट घेऊन फिरतो. कागदी नकाशा आणि जीपीएस दोन्ही सोबत ठेवतो, कारण एकाची बॅटरी संपते आणि दुसरा आपण कुठे उभे आहोत ते सांगत नाही. एकदा भाद्रपदात पाचनईहून हरिश्चंद्रगडाच्या पठारावर चढलो. धुकं इतकं दाट की दहा पावलांपुढचा माणूस दिसेना. निघण्यापूर्वी मी जुन्या टोपोशीटवरून पायवाटांच्या एका फाट्याचे अक्षांश-रेखांश काढून यंत्रात घातले होते. यंत्राने सांगितलं, पोहोचलात. पाहतो तर गुडघाभर गवत, फाट्याचा पत्ता नाही. चाळीस मिनिटं आम्ही त्याच भागात फिरत राहिलो. गटात दोन शाळकरी मुलं होती आणि त्यांची आई थोड्या थोड्या वेळाने विचारत होती, "दादा, बरोबर चाललोय ना आपण?" तिला काय सांगावं ते मला सुचत नव्हतं. मग धुकं जरा उघडलं आणि फाटा दिसला, वायव्येला, शंभर-सव्वाशे मीटरवर. त्या रात्री देवळाजवळ बसून टॉर्चच्या उजेडात मी शीटच्या समासातली बारीक अक्षरं पहिल्यांदा नीट वाचली. तेव्हापासून ट्रेकपूर्वी हे काम केल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही, आणि इतरांनीही करावं असं मला मनापासून वाटतं.

आधी चुकीची चाल बघा

ठिपका जुळत नाही म्हटलं की लोक लगेच सेटिंगमध्ये जाऊन एकेक पर्याय बदलत सुटतात. चार पर्याय बदलल्यावर मूळ सेटिंग काय होतं तेही आठवत नाही. त्याऐवजी दोन-तीन ओळखीच्या जागांवर ठिपका किती आणि कुठे सरकतो ते पाहा. देऊळ, पूल, रस्त्यांचा तिठा अशा जागा घ्या, ज्या शीटवर स्पष्ट आहेत आणि जिथे आपण प्रत्यक्ष उभे राहू शकतो. चूक कोणत्या प्रकारची आहे ते ती कशी वागते त्यावरून कळतं.

सगळीकडे सारख्याच अंतराने आणि एकाच दिशेला सरकत असेल, तर डेटमचा, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या मापावर मोजलेत त्या पायाचा, घोळ आहे. एक जागा तंतोतंत जुळते, दुसरी तीनशे मीटर बाहेर, तिसरी सातशे, तर मिनिटं आणि सेकंदांची गल्लत आहे. ठिपका भलत्याच तालुक्यात किंवा समुद्रात गेला, तर दशांश चिन्ह चुकलंय किंवा यूटीएमचा, म्हणजे मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या जाळीचा, झोन (पट्टा). आपण जागेवर स्थिर उभे आहोत आणि ठिपकाच इकडेतिकडे उड्या मारतोय, तर सेटिंगला हात लावू नका, ती सिग्नलची अडचण आहे. नळीच्या वाटेत दोन्ही बाजूंना कातळभिंती असतात, तिथे लहरी भिंतीवर आपटून येतात आणि चांगलं यंत्रही पन्नास मीटरने चुकू शकतं. उघड्या पठारावर तेच यंत्र पाच-दहा मीटरच्या आत येतं. आणि चूक अंतराबरोबर वाढत असेल, म्हणजे जवळची जागा जुळते पण लांबची सरकते, तर छापलेल्या कागदाचं प्रमाण किंवा होकायंत्राची उत्तर दिशा तपासा.

एवढी तपासणी पायथ्याच्या गावात चहा होईपर्यंत उरकते.

डेटम: सव्वाशे मीटरचं मूळ

माझ्या अनुभवात दहातल्या सात-आठ तक्रारी याच असतात, म्हणून इथे जरा थांबतो.

आपल्या जुन्या टोपोशीट ज्या मोजणीवर उभ्या आहेत ती ब्रिटिश सर्वेक्षक लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून सुरू केली. साखळी आणि थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) घेऊन त्रिकोणांमागून त्रिकोण टाकत ही माणसं उत्तरेकडे सरकत आली. लॅम्बटनचा मृत्यू २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला झाला, त्याची कबर तिथे आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने हाती घेतलं. त्याने पृथ्वीच्या आकाराचं जे माप ठरवलं ते 'एव्हरेस्ट १८३०' म्हणून ओळखलं जातं, आणि आजच्या मध्य प्रदेशातलं कल्याणपूर हे मोजणीचं आरंभस्थान ठरलं. भारताच्या भूभागावर नीट बसावं म्हणून ते माप बेतलेलं होतं. त्या काळात कुणाला पृथ्वीच्या केंद्रापर्यंत मोजता येत नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती.

जीपीएस मात्र पृथ्वीच्या केंद्रापासूनच मोजतं. त्याच्या मापाचं नाव डब्ल्यूजीएस ८४. त्यात विषुववृत्ताजवळची त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर धरली आहे, एव्हरेस्टच्या मापात ती साधारण ८६० मीटरने लहान आहे. शिवाय दोघांची केंद्रं एकमेकांपासून आठशेहून जास्त मीटर लांब आहेत. एकाच शेताला दोन मोजणीदारांनी दोन वेगळ्या शिवेच्या दगडांपासून साखळी टाकली, तर बांध जागेवरच राहतो, पण दोघांच्या वहीतले आकडे जुळत नाहीत. इथे नेमकं तेच होतं.

आता आपल्या भागात हा फरक किती? हरिश्चंद्रगडाच्या आसपास जीपीएसचा अक्षांश जुन्या शीटच्या अक्षांशापेक्षा सुमारे ३ सेकंदांनी जास्त येतो आणि रेखांश सुमारे अडीच सेकंदांनी कमी. जमिनीवर हे उत्तरेला जवळपास ९५ मीटर आणि पश्चिमेला ७५ मीटरच्या वर भरतं. दोन्ही मिळून तिरकं अंतर १२० मीटरच्या घरात. एकास पन्नास हजारच्या शीटवर १ मिलिमीटर म्हणजे ५० मीटर, त्यामुळे कागदावर ठिपका फक्त अडीच मिलिमीटर सरकतो. पेन्सिलीचं टोक बोथट असेल तर लक्षातही येत नाही. पण सरकतो तो वायव्येला, आणि कोकणकड्याच्या पश्चिमेला दरी आहे. म्हणून तो ठिपका कड्याबाहेर दिसतो.

उलट काम केलं, म्हणजे जुन्या शीटवरून आकडे काढून तसेच यंत्रात घातले, तर यंत्र आपल्याला खऱ्या जागेच्या आग्नेयेला नेतं. त्या रात्री आम्ही गवतात उभे होतो ते यामुळे, आणि फाटा वायव्येला सापडला तोही यामुळेच.

पुणे, नाशिक, नगरच्या घाटमाथ्यावर हा सरकाव जवळपास एवढाच राहतो. पूर्वेला जाल तसा पश्चिमेकडचा भाग वाढत जातो. नागपुराकडे तो दीडशे मीटरपर्यंत पोहोचतो आणि उत्तरेकडचा ऐंशीच्या आसपास येतो. त्यामुळे सिंहगडावर बसवलेला हिशोब विदर्भात जसाच्या तसा वापरू नका.

एक प्रश्न जुने ट्रेकर नेहमी विचारतात: पूर्वी आम्हाला हे कधी जाणवलं कसं नाही? मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे. तेव्हा शंभर मीटरची हालचाल गृहीतच धरलेली होती, आणि डेटमचा सरकाव त्यात लपून जायचा. ती चूक काढल्यावर यंत्र अचूक झालं आणि हा फरक उघडा पडला.

शीट कोणती आहे ते ओळखा

जुन्या शीटचा क्रमांक ४७ ई/१५ असा असतो. ४७ हा चार अंशांचा मोठा चौकोन, ई हा त्यातला एक अंशाचा, आणि १५ हा पंधरा मिनिटांचा तुकडा. हरिश्चंद्रगड ४७ ई/१५ वर येतो, पुणे शहर ४७ एफ/१४ वर. अशा शीटच्या समासात डेटमचं नाव ठळक असेलच असं नाही. ते दिसलं नाही तर एव्हरेस्ट समजून चाला आणि ओळखीच्या जागेवर खात्री करून घ्या.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाने सर्वसामान्यांसाठी ओपन सिरीज नकाशे आणले. ते डब्ल्यूजीएस ८४ आणि यूटीएमवर आहेत. त्यांचा क्रमांक अक्षराने सुरू होतो, आपल्याकडे बहुतेक 'ई ४३' किंवा 'एफ ४३' असा. २०१७ मध्ये 'नक्शे' या सरकारी पोर्टलवरून हे पन्नास हजारी नकाशे पीडीएफमध्ये फुकट मिळू लागले. माझं स्पष्ट मत आहे की नव्याने सुरुवात करणाऱ्याने हीच शीट घ्यावी. यंत्र डब्ल्यूजीएस ८४ वर आहे तसं ठेवायचं, डेटमची भानगडच उरत नाही. पण जुन्या शीटवर काही पायवाटा, वाड्या आणि खिंडींची नावं अजून फार चांगली सापडतात. एखाद्याकडे वडिलांनी जपलेली, कापडावर चिकटवलेली शीट असते. ती टाकून द्या असं मी कुणालाही सांगणार नाही. फक्त तिच्याशी तिच्या मापात बोलायचं.

दुरुस्ती

पहिला मार्ग यंत्रातून. हातातल्या जीपीएसमध्ये एककांच्या किंवा 'पोझिशन फॉरमॅट'च्या पानावर 'मॅप डेटम' असतं. यादीत भारतासाठीचं नाव यंत्रागणिक बदलतं: कुठे 'इंडियन', कुठे भारत-नेपाळचा उल्लेख, तर कुठे 'इंडियन बांगलादेश'. शेवटचा पर्याय निवडला तरी आपल्याकडे दहा-बारा मीटरचाच फरक पडतो, तो पन्नास हजारी शीटवर दिसत नाही. 'इंडियन थायलंड' मात्र निवडू नका, तो दुसऱ्या प्रदेशाचा आहे. यादीत भारतासाठी काहीच नसेल तर 'यूजर डेटम' उघडून हे आकडे भरा: डीएक्स २९५, डीवाय ७३६, डीझेड २५७, डीए ८३५.७५७, डीएफ ०.२८३६१३६८. काही तक्त्यांत डीए ८६०.६५५ दिसेल. गोंधळू नका, त्याने आडव्या जागेत दहा सेंटिमीटरसुद्धा फरक पडत नाही. पहिल्या तीन आकड्यांची चिन्हं मात्र अधिकच ठेवा. उणे केली तर दुरुस्ती होण्याऐवजी चूक वाढते.

दुसरा मार्ग पेन्सिलीचा, आणि तो मला जास्त आवडतो. यंत्र डब्ल्यूजीएस ८४ वरच ठेवायचं. आकडे जुन्या शीटवर मांडायचे आणि मग ठिपका दोन मिलिमीटर खाली, दीड मिलिमीटर उजवीकडे सरकवायचा. पुणे-नाशिकच्या घाटमाथ्यासाठी एवढं पुरतं. नागपूरकडे साधारण दीड मिलिमीटर खाली आणि तीन उजवीकडे. शीटवरून आकडे काढून यंत्रात घालायचे असतील तर उलट: अक्षांशात ३ सेकंद मिळवा, रेखांशातून अडीच सेकंद वजा करा. मी हे दोन आकडे बाण काढून शीटच्या समासातच लिहून ठेवलेत. पावसात चष्म्यावर थेंब असताना मेनू उघडत बसण्यापेक्षा हे सोपं पडतं.

पहिल्या मार्गात एक खाच आहे, तीच पुन्हा पुन्हा लोकांना अडकवते. डेटम बदलल्याने आधी साठवलेला वेपॉइंट (यंत्रात नोंदवलेली जागा) जमिनीवरून हलत नाही, फक्त त्याचे आकडे वेगळे दिसू लागतात. पण नवीन आकडे टाइप करताना यंत्र ज्या डेटमवर असेल त्याच डेटममधले समजून ते साठवतं. म्हणजे जुन्या शीटचे दहा बिंदू भरण्यासाठी डेटम इंडियनवर नेला, तो परत आणायचा राहिला, आणि मग मित्राने व्हॉट्सअॅपवर पाठवलेली जागा टाइप केली, तर आता ती जागा चुकली, आणि या वेळी उलट्या दिशेने. मोबाईलच्या नकाशावरून आलेली पिन डब्ल्यूजीएस ८४ मध्येच असते. "परवा बरोबर होतं, आज कसं बिघडलं?" या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा हीच विसर असते. म्हणून शीटचे बिंदू भरून झाले की त्याच बैठकीत डेटम परत फिरवा, आणि चुकीच्या सेटिंगवर भरलेले बिंदू दुरुस्त करण्याऐवजी पुसून नव्याने भरा.

जुनी शीट स्कॅन करून मोबाईलमध्ये वापरणाऱ्यांनाही हेच लागू. कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश देताना डेटम न सांगता ते बसवले तर संपूर्ण नकाशाच सव्वाशे मीटर सरकून बसतो. नदी नदीवर पडत नाही, रस्ता शेतातून जातो. संगणकावर नकाशा बसवताना मूळ डेटम कल्याणपूर निवडा आणि रूपांतर खरोखर लागू झालंय का ते एखाद्या पुलावर तपासा. नुसतं नाव निवडलं आणि रूपांतराचे आकडे लागलेच नाहीत, असं होतं.

अंश, मिनिटं, सेकंद आणि तो फसवा ठिपका

समजा शीटवरून अक्षांश निघाला १९ अंश २३ मिनिटं ३० सेकंद. हाच आकडा तीन प्रकारे लिहिता येतो. अंश-मिनिटं-सेकंद: १९° २३′ ३०″. अंश आणि दशांश मिनिटं: १९° २३.५००′. दशांश अंश: १९.३९१६७°. तिन्ही एकच जागा.

यंत्र बहुधा मधल्या प्रकारावर येतं. तिथे कुणी २३ मिनिटं ३० सेकंद हे २३.३० असं भरलं की जागा ३७० मीटर दक्षिणेला गेली. गंमत अशी की सेकंद शून्य असतील तर काहीच चुकत नाही, आणि सेकंद ५९ कडे जातील तशी चूक सातशे मीटरपर्यंत वाढते. म्हणून काही बिंदू जुळतात, काही जुळत नाहीत, आणि माणूस सिग्नलला दोष देत बसतो. तोच आकडा दशांश अंशांच्या चौकटीत १९.२३३० म्हणून भरला तर चूक साडेसतरा किलोमीटरची होते. ती निदान लगेच कळते. मला तीनशे मीटरची चूक जास्त धोक्याची वाटते, कारण तेवढ्या अंतरात आपण त्याच डोंगरावर असतो आणि ती खरी वाटते.

कुणी पाठवलेली बिंदूंची यादी कोणत्या प्रकारात आहे हे कळत नसेल तर शेवटचे दोन अंक पाहा. पंधरा-वीस बिंदूंत एकदाही ५९ च्या वर आकडा गेला नसेल तर ते सेकंद आहेत. एखाद्या ठिकाणी ७४ किंवा ९१ दिसलं तर दशांश.

शीटवरून आकडे काढतानाही एक चूक होते. पंधरा मिनिटांच्या शीटवर दर पाच मिनिटांच्या रेषा असतात. उभ्या दिशेने पाच मिनिटं म्हणजे सुमारे १८.४ सेंटिमीटर, पण आडव्या दिशेने, आपल्या अक्षांशावर, साडेसतराच. उत्तरेकडे रेखांश जवळ येतात म्हणून. एकच पट्टी दोन्हीकडे लावली तर चौकोनाच्या दुसऱ्या टोकाला चूक चारशे मीटरच्या वर जाते. दोन्ही बाजू स्वतंत्र मोजा आणि त्रैराशिकाने सेकंद काढा.

यूटीएम

नव्या शीटवर मीटरची जाळी असते आणि पट्टीने मोजायला ती फार सोपी पडते. इथे अडचण येते झोनची. महाराष्ट्र दोन झोनमध्ये विभागलाय आणि सीमा आहे ७८ अंश पूर्व रेखांशावर. मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती हे ४३ मध्ये. यवतमाळ, वर्धा, नागपूर, ताडोबा, गडचिरोली ४४ मध्ये. हरिश्चंद्रगडाचं पूर्वेकडचं माप साधारण ३ लाख ७० हजार मीटर आणि उत्तरेकडचं २१ लाख ४४ हजारांच्या आसपास येतं. तेच आकडे चुकून ४४ झोनमध्ये भरले तर ठिपका सरळ विदर्भात जाऊन पडतो.

झोनच्या पुढे एक अक्षर असतं. १६ अंशांच्या उत्तरेला ते क्यू, दक्षिणेला पी. म्हणजे मालवण क्यूमध्ये आणि सावंतवाडी व गोवा पीमध्ये. काही ठिकाणी ४३ एन असं लिहिलेलं दिसतं, तिथे एन म्हणजे उत्तर गोलार्ध. ज्या यंत्राला पट्ट्याचं अक्षर हवं असतं त्याला एन दिलं तर ते आकडा नाकारतं किंवा वेगळा अर्थ लावतं. तिथे क्यू द्या.

जुन्या शीटवर यूटीएम लावायचा प्रयत्न करू नका. अक्षांश-रेखांशांवरच काम करा.

बाकीचे घोळ थोडक्यात

पीडीएफ छापताना प्रिंटरमध्ये 'फिट टू पेज' राहिलं की प्रमाण गेलं. छापून हातात आल्यावर पहिलं काम: प्रमाणपट्टीवरचा १ किलोमीटर पट्टीने मोजा, तो बरोबर २ सेंटिमीटर भरला पाहिजे. झेरॉक्सलाही हेच, आणि आडवं-उभं दोन्ही मोजा. झेरॉक्समध्ये एका बाजूने ताण येतो.

उत्तर दिशेबद्दल महाराष्ट्रात फार काळजी करायला नको. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, जाळीची उत्तरही साधारण एका अंशाच्या आसपासच फिरते. पण परदेशात ट्रेक करणाऱ्या आपल्या मंडळींनी इथे सावध राहावं. अमेरिकेत सिअॅटलकडे हा कोन पंधरा अंशांच्या जवळ आहे, म्हणजे एक किलोमीटर चालल्यावर अडीचशे मीटर बाजूला. तिथल्या यूएसजीएस या सरकारी सर्वेक्षण संस्थेच्या जुन्या शीट एनएडी २७ या डेटमवर असतात, ब्रिटनमधले ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे ओएसजीबी ३६ वर आणि त्यांच्या स्वतःच्या ब्रिटिश ग्रिडवर. दोन्ही पर्याय यंत्राच्या यादीत मिळतात, शीटच्या समासात वाचून तेच लावायचे.

उंचीचा प्रश्नही येतो. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, आणि माथ्यावर उभं राहून मोबाईलचं एखादं अॅप दीड हजार आणि वर ऐंशीच्या आसपास दाखवतं. नकाशावरची उंची समुद्रसपाटीपासून असते. अॅप जर डब्ल्यूजीएस ८४ च्या गणिती पृष्ठभागापासून मोजत असेल तर आपल्या भागात साठ-सत्तर मीटर कमी दिसतात. अॅपमध्ये समुद्रसपाटीचा पर्याय असेल तर तो लावा, नसेल तर फरक लिहून ठेवा. धुक्यात उंचीवरून समोच्च रेषा ओळखायची असेल तेव्हा हा फरक तीन रेषांचा होतो.

पायथ्याला पाच मिनिटं

आता प्रत्येक ट्रेकला मी पायथ्याच्या गावातल्या देवळासमोर, आकाश मोकळं असेल तिथे यंत्र पाच मिनिटं स्थिर ठेवतो. आकडे स्थिरावले की शीटवर मांडतो. जुनी शीट असेल तर ठिपका देवळाच्या डावीकडे वर पडला पाहिजे, अडीच मिलिमीटरवर. तसा पडला की मला समाधान वाटतं, कारण याचा अर्थ बाकी सगळं जुळलेलं आहे. तो अगदी देवळावर पडला तर यंत्र इंडियनवर आहे, आणि ते विसरता कामा नये. मग गटातल्या दुसऱ्या एकाला तेच करायला लावतो. मी पडलो-झडलो तर नकाशा वाचणारा आणखी कुणीतरी हवा.

यंत्राच्या पाठीवर वैद्यकीय चिकटपट्टीचा एक तुकडा आहे. त्यावर पेनाने लिहिलंय: डब्ल्यूजीएस ८४, दशांश अंश. दऱ्याखोऱ्यांत कुणाला लागलं आणि ११२ वर किंवा बचाव पथकाला जागा सांगायची वेळ आली तर याच मापात सांगायची, चार दशांश स्थळांपर्यंत, एकेक अंक सुटा उच्चारून. चार दशांश म्हणजे साधारण अकरा मीटर, दोरी घेऊन येणाऱ्याला तेवढं पुरतं. 'बिंदू' हा शब्द मोठ्याने म्हणायचा, आणि पलीकडच्याकडून आकडे परत वदवून घ्यायचे. जुन्या शीटवरून वाचलेले आकडे असतील तर ते फोनवर देण्याआधी तीन सेकंद आणि अडीच सेकंदांचा हिशोब करून घ्यायचा, कारण कड्याच्या काठावर सव्वाशे मीटर म्हणजे वरचा माणूस आणि खालचा माणूस एवढा फरक असतो.